मॉरिशसचा किनारा आणि एकरकमी पाहुणचार

मोठ्या कुटुंबानें एकत्र प्रवासास निघावयाचें ठरलें, कीं स्थळाच्या आधीं खर्चाची, अन्नाची आणि वृद्ध-बालकांच्या सोयीची चर्चा घरांत चार-आठ दिवस चालते. अलीकडे या चर्चेंत ‘ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट’ हा एक नवा शब्द शिरला आहे. निवास, तिन्ही वेळचें खाणें, पेयें, पोहणें, खेळ आणि रात्रींची करमणूक या सर्वांची मिळून एक रक्कम आगाऊ भरावयाची आणि पुढें मुक्काम संपेपर्यंत खिशांत हात घालावयाचा नाहीं, असा या व्यवस्थेचा अर्थ. आपल्या भाषेंत तिला ‘एकरकमी पाहुणचार’ म्हणतां येईल. कॅरिबियन समुद्रांतील बेटें, मेक्सिकोचा पूर्वकिनारा, मालदीव आणि मॉरिशस येथें ती विशेष रुजली आहे. त्यांपैकीं मॉरिशस हें आपल्या लोकांना अनेक अर्थांनीं जवळचें. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही लहानमोठीं अकरा माणसें तेथें आठ दिवस राहून आलों. पांच दिवस पश्चिम किनाऱ्यावरील एका रिसॉर्टांत आणि तीन दिवस त्याबाहेर, भाड्यानें घेतलेल्या घरांत. या दोन्ही अनुभवांवरून या पाहुणचाराचे गुणदोष वाचकांपुढें मांडावे, असा विचार आहे.

ही कल्पना फारशी जुनी नाहीं. १९५० सालीं जेरार ब्लित्झ नांवाच्या एका बेल्जियन गृहस्थानें स्पेनच्या मायोर्का बेटावर आल्कुदिया येथें ‘क्लब मेडितेरानी’चें पहिलें सुटीचें गांव वसविलें. पाहुण्यांनीं तंबूंत निजावें, एका पंक्तीस जेवावें, समुद्रांत खेळावें, आणि या सर्वांची किंमत एकदांच द्यावी, अशी ती साधी योजना होती. महायुद्धानें थकलेल्या युरोपांतील मध्यम स्थितीच्या माणसांना ती मानवली. पुढें तंबूंचे महाल झाले आणि साध्या पंक्तीच्या जागीं शंभर पदार्थांचीं मेजें आलीं. परंतु ‘एकदां द्या आणि विसरा’ हें मूळ सूत्र कायम राहिलें.

मॉरिशस हें मादागास्करच्या पूर्वेस सुमारें ८०० किलोमीटरांवर हिंदी महासागरांत असलेलें ज्वालामुखीजन्य बेट. लांबी सुमारें ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारें ४५. मुंबईहून विमानानें सहा-साडेसहा तास लागतात आणि घड्याळ दीड तास मागें घ्यावें लागतें. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें आपल्याकडे वैशाखवणवा पेटलेला असतां तेथें थंडीची सुरुवात असते. १५९८ सालीं आलेल्या डच लोकांनीं आपल्या मॉरिस नामक राजपुत्राचें नांव या बेटास दिलें. त्यांच्याच काळांत येथील डोडो हा उडतां न येणारा पक्षी नामशेष होण्याच्या मार्गास लागला. १७१५ सालीं फ्रेंच आले, १८१० सालीं इंग्रज आले, आणि १२ मार्च १९६८ रोजीं बेट स्वतंत्र झालें. ही तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेच्या प्रारंभाची असून ती मुद्दाम निवडलेली आहे. दक्षिण आफ्रिकेहून परततांना १९०१ सालीं गांधीजी कांहीं दिवस या बेटावर राहिले होते.

प्रथम गुण पाहूं. पहिला गुण निसर्गाचा. रिसॉर्टवाल्यांचें त्यांत कर्तृत्व एवढेंच कीं त्यांनीं जागा ओळखली. या बेटाच्या बहुतेक किनाऱ्याला प्रवाळाची भित्ति वेढून आहे. महासागराच्या मोठ्या लाटा त्या भित्तीवर आपटून फुटतात, आणि आंतल्या बाजूस ज्याला ‘लगून’ म्हणतात तें उथळ, निवळ, हिरवट-निळें पाणी जवळजवळ स्थिर राहतें. दूरवर पांढऱ्या फेसाची रेघ दिसत असते, कानीं गंभीर गर्जना येत असते, आणि पायाशीं मात्र पाणी तळ्यासारखें. आमच्या रत्नागिरीच्या समुद्राची भरती-ओहोटी ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हें पाणी प्रथम खोटें वाटतें. सहा वर्षांच्या नातवाला कमरेइतक्या पाण्यांत रंगीत मासे पायांजवळून जातांना दिसले, तेव्हां त्यानें मारलेली हाक अजून कानांत आहे. दक्षिणेस सुइयाक गांवाजवळ ग्री-ग्री येथें या भित्तीला खंड पडला आहे. तेथें समुद्र सरळ कड्यावर येऊन आदळतो. तीं दोन्ही दृश्यें एका दिवशीं पाहिलीं म्हणजे ही भित्ति बेटाला काय देते, तें मुलांना व्याख्यानाशिवाय समजतें.

दुसरा गुण हिशेबाचा. एकत्र कुटुंबाच्या प्रवासांत पैशांपेक्षां पैशांचा विचार अधिक शिणवितो. चहा कोणीं दिला, मोटारीचें भाडें कोणीं भरलें, धाकट्यानें किती द्यावें, हे प्रश्न कोणी बोलून दाखवीत नाहीं, तरी ते मनांत असतात. वडीलधाऱ्यांना तर मागून घेतलेल्या प्रत्येक पेल्याची किंमत रुपयांत दिसते आणि तहान मारून बसावेंसें वाटतें. एकदां रक्कम ठरून भरली गेली, म्हणजे हा अदृश्य जाच संपतो. मुलगे आणि सुना पांच दिवस हिशेबाचा शब्द न काढतां वागल्या, हा लाभ लहान नाहीं.

तिसरा गुण मला सर्वांत मोठा वाटला. आमच्या सौभाग्यवतींना पहिले दोन दिवस चैन पडेना. पहाटे पांचला जाग यावी आणि उठून करावयाचें कांहीं नसावें, ही स्थिति त्यांना एखाद्या आजारासारखी वाटली. त्या खोलींतल्या चादरी घडी करीत, कपबशा विसळून ठेवीत. तिसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही सारे एका लांब मेजाभोंवतीं बसलों असतां त्या थोरल्या सुनेला म्हणाल्या, “लग्नाला चाळीस वर्षं झालीं. घरचीं सगळीं एकदम पानावर बसलीं आहेत आणि त्यांत मीहि आहें, असं आज पहिल्यांदा होतंय.” कोणी कांहीं बोललें नाहीं. वाढणाऱ्यानें पाणी आणलें, त्यांनीं तें घेतलें, आणि त्या पुन्हां उठल्या नाहींत. ज्या घरांत पंधरा-वीस पानें वाढून मगच बायका बसतात, त्या घरांतील पुरुषांनीं या एकरकमी पाहुणचाराची किंमत ठरवितांना ही बाब आधीं जमेस धरावी. हें सुख देण्यास समुद्रच ओलांडला पाहिजे असें नाहीं, हा भाग निराळा.

आतां दोषांकडे वळूं. ‘सर्व कांहीं’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणीं वेगळा असतो. आम्ही उतरलों होतों तेथें वल्ह्यांची होडी त्यांत होती, परंतु प्रवाळ दाखविणारी काचेच्या तळाची होडी नव्हती. चहा होता, पण धुलाई नव्हती. करारपत्र बारीक अक्षरांत असतें आणि तें वाचण्याची हौस पैसे भरण्यापूर्वीं कोणास नसते. संस्कृतांत ‘सर्व’ या सर्वनामाचीं रूपें आम्ही मुलांकडून पाठ करून घेत असूं. व्यवहारांत त्याचा अर्थ प्रत्येक दुकानदारास विचारून घ्यावा लागतो.

दुसरा दोष आपल्यासारख्या कुटुंबांना विशेष लागू आहे. या रकमेंत मद्याचा वांटा मोठा असतो. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत हवें तितकें मद्य मिळतें, म्हणून तर पुष्कळ पाश्चात्य प्रवासी ही व्यवस्था पसंत करितात. अकरा माणसांत एकानेंहि थेंब घेतला नाहीं, तरी दर सर्वांना जवळजवळ तोच. म्हणजे अल्पाहारी आणि निर्व्यसनी माणसानें बहुभक्षी आणि पिणाऱ्या माणसाचें बिल भरावें, असा हा न्याय होतो. शाकाहाराची अडचण त्या मानानें कमी. स्वयंपाकघरांत भारतीय वंशाचे आचारी पुष्कळ असतात, आणि आदल्या दिवशीं सांगून ठेवल्यास ते वेगळ्या भांड्यांत वरण-भात, भाजी आणि पोळी आनंदानें करून देतात. परंतु मांडलेल्या मेजांवर सामिष आणि निरामिष पदार्थ शेजारीं असतात आणि पळ्या एकमेकींत फिरतात. ज्यांना याचें सोवळें आहे त्यांनीं तें आधींच बोलून ठेवावें. तेथें गेल्यावर तोंड वांकडें करण्यांत अर्थ नाहीं.

तिसरा दोष अन्नाच्या नासाडीचा. किंमत देऊन झाली आहे या भावनेनें माणूस भुकेपेक्षां अधिक वाढून घेतो. अर्धे भरलेले ताट सोडून दुसरें ताट आणणारीं मुलें आम्ही रोज पाहिलीं, आणि त्यांत आपल्याकडचींहि होतीं. मॉरिशसमध्यें शतकानुशतकें उत्तम जमीन उसाला गेली, त्यामुळें त्या देशाला खाण्याचे बहुतांश जिन्नस बोटीनें बाहेरून आणावे लागतात. आपण टाकलेला घांस हजारों मैलांचा प्रवास करून आलेला असतो.

परंतु या सर्वांपेक्षां मोठा दोष कुंपणाचा. आल्याबरोबर पाहुण्याच्या मनगटाला एक रंगीत पट्टा बांधतात. तो असला कीं आंतलीं सर्व दारें उघडीं. जेवण आंतच, करमणूक आंतच, दुकानेंहि आंतच. आणि बाहेर जेवलें तर पैसे दुबार जातात, म्हणून बाहेर पडण्याची इच्छाच मावळते. त्या देशाच्या कायद्याप्रमाणें भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सर्वांच्या मालकीची आहे. तरी रिसॉर्टाच्या खुर्च्या आणि पहारेकरी यांमुळें तेथील माणूस त्या वाळूवर संकोचानेंच पाऊल टाकतो. आठ दिवस अशा ठिकाणीं राहून परतलेला माणूस मॉरिशस पाहून आला असें म्हणेल. त्यानें खरोखर पाहिलेली जागा जगांत कोठेंहि असूं शकली असती.

कुंपणाबाहेर काय आहे? राजधानी पोर्ट लुई येथें बंदराच्या कांठीं दगडी पायऱ्यांचा एक लहान घाट आहे. पायऱ्या मोजून सोळा. त्याचें नांव ‘आप्रवासी घाट’. गुलामगिरी रद्द झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसें हवीं होतीं, तीं हिंदुस्थानांतून करारानें आणलीं. पहिली टोळी २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अॅटलस’ नांवाच्या गलबतानें आली. १८४९ सालीं या घाटाची उतारशाळा उभी राहिली, आणि एकंदर साडेचार लाखांहून अधिक स्त्री-पुरुष मजूर म्हणून या बेटावर उतरले. २००६ सालीं युनेस्कोनें या स्थळाची जागतिक वारशांत गणना केली. आज बेटावरील सुमारें दोन-तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत.

त्या मजुरांच्या कराराचीं कलमें वाचतांना मी थबकलों. मुदत पांच वर्षें, पुरुषास महिना पांच रुपये, आणि त्याशिवाय राहण्यास जागा, ठरलेला तांदूळ, डाळ, मीठ, तेल आणि कपडा. म्हणजे तोहि एक सर्वसमावेशक करारच होता! त्यांतहि बारीक अक्षरें होतीं: एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचें वेतन कापलें जाई, पुढें पुढें मळ्याबाहेर हिंडतांना छायाचित्र लावलेला परवाना जवळ ठेवावा लागे आणि तो नसल्यास अटक होई. माझ्या मनगटावर तेव्हां तो रंगीत पट्टा होता. दोहोंची तुलना करणें हा त्या माणसांच्या दुःखाचा अपमान होईल; माझा पट्टा दारें उघडण्यासाठीं होता आणि त्यांचा परवाना तीं बंद ठेवण्यासाठीं. तरी एकाच किनाऱ्यावर हे दोन्ही करार झाले, ही गोष्ट तेथें जाणाऱ्या भारतीयानें जाणून असावी.

नैर्ऋत्येस ल मॉर्न नांवाचा ५५६ मीटर उंचीचा उभा पहाड समुद्रांत घुसलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर आणि गुहांत लपत. पकडले जाण्यापेक्षां कड्यावरून उडी घेणें त्यांपैकीं कित्येकांनीं पत्करलें, अशी तेथील लोकांत परंपरेनें चालत आलेली कथा आहे. २००८ सालीं हा पहाडहि जागतिक वारशांत आला. त्याच्या पायथ्याशीं आज बेटावरील अत्यंत महाग रिसॉर्टांपैकीं कांहीं उभीं आहेत. तेथें आरामखुर्चीवर पडून पहाडाचें चित्र घेणाऱ्या शंभरांपैकीं किती जणांना तो कोणाचा पहाड आहे हें ठाऊक असेल, कोण जाणे!

एवढ्यावरून रिसॉर्टें वाईट, असा निकाल देणें अन्यायाचें होईल. युरोपनें ठरलेल्या चढ्या दरानें मॉरिशसची साखर घ्यावी, असा १९७५ सालचा करार २००९ सालीं संपला. त्याच्या आधींपासूनच उसाचें महत्त्व उतरत होतें. साखरेच्या कांहीं जुन्या कंपन्याच हॉटेलांच्या धंद्यांत उतरल्या, आणि ज्यांच्या पणजोबांनीं ऊस तोडला त्यांचीं पणतवंडें आज तेथें खोल्या आवरतात, स्वयंपाक करितात, हिशेब लिहितात. साथीमुळें मार्च २०२० पासून दीड वर्ष प्रवाशांना बेटाचीं दारें जवळजवळ बंद होतीं. त्या काळांत पर्यटनावर पोट असलेल्या घरांचे फार हाल झाले. त्याच वर्षीं जुलैमध्यें ‘वाकाशिओ’ नांवाचें मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळावर चढलें आणि सुमारें एक हजार टन तेल त्या निवळ पाण्यांत सांडलें. तेव्हां गांवोगांवच्या लोकांनीं उसाचें पाचट कापडांत भरून लांबलचक वळकट्या शिवल्या आणि तेल अडविण्यासाठीं त्या समुद्रांत सोडल्या. ज्या पाण्याच्या मोलावर रिसॉर्टें चालतात, त्या पाण्याशीं बेटाच्या माणसांचें नातें असें आहे.

आमच्या खोल्यांची व्यवस्था पाहणारा एक तरुण होता. आमचें बोलणें ऐकून तिसऱ्या दिवशीं तो जपून, शब्द जुळवीत म्हणाला, “आजी, आम्हीपण मराठी. मी शाळेंत शिकलों.” घरीं त्याची बोली क्रिओल, मराठी ही त्यानें पुस्तकांतून परत मिळविलेली. त्याचे पूर्वज कोंकणांतून मुंबई बंदरानें आले, एवढेंच त्याला ठाऊक. मॉरिशसमध्यें गणेशचतुर्थीला राष्ट्रीय सुटी असते, हें त्यानें अभिमानानें सांगितलें आणि मग हंसून म्हणाला, “पण हॉटेलाला सुटी नसते.” गणपतीच्या दिवशीं पाळी बदलून घेण्यासाठीं त्याला दोन महिने आधीं सांगून ठेवावें लागतें.

रिसॉर्ट सोडल्यावरच्या रविवारीं त्याच्या आग्रहावरून आम्ही रिव्हिएर न्वार, म्हणजे काळी नदी, या जिल्ह्यांतील त्याच्या घरीं गेलों. या भागांत मराठी घरें पुष्कळ. त्याच्या आजीला मराठी बोलतां येत नव्हतें. परंतु गणपतीपुढें म्हणावयाचीं कांहीं गाणीं तिला पाठ होतीं. दीडशें वर्षांत त्यांतले शब्द इतके झिजले होते, कीं अर्थ मला निम्माच लागला. चाल मात्र आमच्या सौभाग्यवतींनीं दुसऱ्या ओळीला ओळखली आणि त्या बरोबरीनें टाळ्या देऊं लागल्या. मग डाळ-पुरी आली. वाटाण्याची डाळ शिजवून, वाटून भरलेली ही पातळ पोळी म्हणजे गूळ नसलेल्या पुरणपोळीची बहीण. आम्ही अकरा माणसें होतों आणि घर तीन खोल्यांचें होतें. ‘अतिथि’ म्हणजे ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो, अशी आपल्याकडे व्युत्पत्ति सांगतात. रिसॉर्टांतील पाहुण्याच्या येण्या-जाण्याच्या दोन्ही तिथि आणि दक्षिणा आधींच ठरलेल्या असतात. तेथें मिळते ती उत्तम सेवा. आतिथ्य त्या तीन खोल्यांत मिळालें, आणि त्यासाठीं कुंपणाबाहेर यावें लागलें.

जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून आटोपतों. पूर्ण एकरकमी दराऐवजीं पुष्कळ रिसॉर्टांत ‘हाफ बोर्ड’ म्हणून सकाळची न्याहारी आणि रात्रींचें जेवण एवढाच दर मिळतो. आपल्यासारख्यांना तो सर्वांत हितकर. मद्याचा भार डोक्यावर येत नाहीं, स्वयंपाकाची विश्रांति टिकते आणि दुपार मोकळी राहून बाहेर पडावेंसें वाटतें. जून ते सप्टेंबर या महिन्यांत आग्नेयेकडून जोराचा वारा असतो, तेव्हां मुलें-म्हातारीं बरोबर असतील तर पश्चिम किंवा उत्तर किनारा निवडावा. जानेवारी ते मार्च हा वादळांचा हंगाम टाळावा. प्रवाळावर आणि सागरी साळिंदरांवर पाय पडूं नये म्हणून पाण्यांत रबरी जोडे घालावे. प्रवाळ मात्र तोडूं नये, उचलूंहि नये. बेटभर बसगाड्या आहेत, परंतु संध्याकाळनंतर त्या विरळ होतात. गंगा-तलाव, पांपलमूस येथील जुनी वनस्पतिबाग आणि आप्रवासी घाट यांना प्रत्येकीं निदान अर्धा दिवस द्यावा. आणि तेथील नोट हातीं आली म्हणजे मुलांना ती नीट पाहण्यास सांगावें; तिच्यावर देवनागरी अक्षरें छापलेलीं आहेत.

एकंदरींत, घरच्या बायकांना विसावा, म्हाताऱ्यांना निर्धास्तपणा आणि मुलांना निर्भय समुद्र हवा असेल, तर या पाहुणचाराला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. चार-पांच दिवस तो खुशाल घ्यावा. उरलेले दिवस मात्र मनगटावरचा पट्टा काढून ठेवून त्या घाटाच्या सोळा पायऱ्या चढून याव्या आणि कोणीं बोलाविलें तर त्याच्या घरीं जेवावें. निघतेवेळीं त्या तरुणाच्या आजीनें आमच्या सौभाग्यवतींच्या ओटींत एक नारळ घातला. तो विमानांत नेतां येईल कीं नाहीं याची चौकशी करण्यांत आमच्या मुलांची एक सकाळ गेली. परंतु त्या सकाळीबद्दल कोणीहि तक्रार केली नाहीं.